फिटरचा मुलगा आणि दोन डोंगे

तर मंडळी, मी एक जुनी शिडाची होडी विकत घेतली आहे. ती सध्या हिंगणघाटला आमच्या घरामागच्या शेडमध्ये चार टायरांवर ठेवलेली आहे. हिंगणघाटपासून समुद्र किती लांब आहे हे मला सांगण्याचे कष्ट घेऊ नका, ते काम आमच्या गल्लीने आपसात वाटून घेतलंय.

बातमी गल्लीत, नातेवाइकांत आणि ऑफिसच्या ग्रुपवर एकाच आठवड्यात पसरली. गल्लीचा प्रश्न सरळ होता, "काऊन बे, हे कायले आणलं?" मावशीने पुण्याहून फोन करून सांगितलं की एवढ्या पैशात हिंजवडीच्या फ्लॅटचं बुकिंग तरी झालं असतं. एका काकांनी शेडमध्ये येऊन होडीला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारलं, "मोटर कुठी बसते?" मोटर नाही म्हटल्यावर त्यांचा इंटरेस्ट संपला. या सगळ्यांवर माझा राग नाही. "कायले" या प्रश्नाला माझ्याकडे एकच प्रामाणिक उत्तर आहे, आवडली म्हणून.

राग आहे तो ऑफिसच्या ग्रुपवरच्या प्रश्नावर. "अरे, घ्यायचीच होती तर नवीन घ्यायची ना! सेकंडहँड भंगार घेऊन ते घासत बसायची हौस कसली?" खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. आणि मग एका शहाण्याचं, "तुझा तासाचा रेट काढ. त्यात किती मजूर लावता येतील?" हा लेख त्या शहाण्यासाठी आहे. आणि खरं सांगायचं तर थोडा माझ्यासाठीही, कारण दोन वर्षांपूर्वी मी स्वतः हेच बोललो असतो.

आधी होडीची ओळख. मुंबईत प्रोजेक्टवर होतो तेव्हा रविवारी रविवारी सेलिंग शिकलो, तिथेच ही दिसली. मालक देश सोडून चालला होता, होडी दोन पावसाळे उघड्यावर पडून होती. ही हॉबी १६. कॅलिफोर्नियातला सर्फबोर्ड बनवणारा हॉबी ऑल्टर नावाचा माणूस, त्याचं हे डिझाइन १९७० च्या सुमारास बाजारात आलं. लांबी ५ मीटर, रुंदी २.४ मीटर, वजन साधारण १४५ किलो. दोन बारीक, केळीसारख्या वळलेल्या हल, मध्ये अ‍ॅल्युमिनियमची चौकट, चौकटीत ताणलेलं जाळीचं कापड आणि वर ८ मीटरचा खांब. कॅटामरान हा शब्द मूळचा तमिळ. कट्टु म्हणजे बांधणे, मरम म्हणजे लाकूड. आमच्या शेजारच्या आजीला तमिळ येत नाही, पण तिने बघताक्षणी सांगितलं, "दोन डोंगे बांधले अन् मधात खाट टाकली." इतकी अचूक व्याख्या मला इंटरनेटवरही सापडली नव्हती.

होडी १ लाख १० हजार. ट्रक परतीच्या भाड्यात मिळाला, समृद्धीवरून आला, २६ हजार. दुरुस्तीला आजवर ७० हजारांच्या वर गेले आहेत. म्हणजे दोन लाख ओलांडले. लपवत नाही.

आता "विदर्भातल्या माणसाने होडीचा नाद का करावा" हे एकदाच निकालात काढतो. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय म्हणजे नौदलातले कमांडर दिलीप दोंदे. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परत आले. ही मोहीम ज्यांच्या डोक्यातून निघाली ते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहायचे विंचुर्णीला. विंचुर्णी कुठे? फलटण तालुक्यात, सातारा जिल्ह्यात. तिथेही समुद्र नाही. झालं समाधान? पुढे चला.

पण दोंद्यांच्या गोष्टीतला माझ्या कामाचा भाग समुद्रावरचा नाहीच. तो गोव्यातल्या दिवाडी बेटावरचा आहे. म्हादेई ही ५६ फुटी होडी तिथे रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली, लाकडी गाभा आणि त्यावर फायबरग्लास. २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलात दाखल झाली. दोंदे २००६ पासून या मोहिमेमागे होते, आणि होडी तयार झाल्यावर चावी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासारखे ते उगवले नाहीत. बांधणी चालू असताना ते यार्डात होते. कारण उघड आहे. दक्षिण महासागरात काही मोडलं तर ते ज्याला जोडता येईल तोच घरी येणार. अभिलाष टॉमींचं घ्या. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत वादळात पाठीचा कणा मोडला, फ्रेंच जहाजाने वाचवलं. हा माणूस पुढच्या शर्यतीला पुन्हा उभा राहिला, ते एक वापरलेली रस्टलर ३६ नीट करून घेऊन, आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा आला. वाटेत वाऱ्यावर चालणारं स्टिअरिंग मोडलं तेव्हा त्यांनी होडीतल्या टॉयलेटचं दार कापून वापरलं. तासाचा रेट काढणाऱ्या माझ्या मित्रा, तिथे कुठला मजूर लावणार होतास?

मी काही पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेलो नाही. मला एखाद्या धरणाच्या पाण्यावर संध्याकाळी दोन तास फिरायचंय. पण ही होडी उतरवून घेतली त्या दिवशी मला काय येत होतं, ते सांगतो. काही नाही. इंजिनिअरिंगची डिग्री, सहा वर्षांचा अनुभव, आणि गंजलेला स्क्रू डोकं न घासता कसा काढायचा हे माहीत नाही.

फायबरची होडी तपासायची पद्धत फार साधी आहे. रुपयाचं नाणं घ्यायचं आणि पूर्ण हलवर दोन-दोन बोटांवर वाजवत जायचं. या हलला बाहेर काचेच्या कापडाचा थर, मध्ये फोम, आत पुन्हा काचेचा थर. तिन्ही चिकटून असतील तर 'टक्' असा कोरडा आवाज येतो. थर सुटला असेल तर 'थप्' येतो, ओल्या मडक्यासारखा. माझ्या डाव्या हलवर, खांबाच्या थोडं पुढे, ताटाएवढ्या दोन जागा 'थप्' निघाल्या. उपाय असा की बाहेरच्या थरात बारीक भोकं पाडायची, सिरिंजने पातळ इपॉक्सी आत सोडायचं, वरून वजन ठेवून दाबायचं आणि वाळल्यावर घासून भोकं बुजवायची. व्हिडिओत १२ मिनिटं लागतात.

मी मे महिन्याच्या दुपारी दीड वाजता सुरुवात केली. वर्धा जिल्ह्यातला मे ज्यांना माहीत आहे ते इथेच हसले असतील. पारा ४५ च्या आसपास. प्लास्टिकच्या मगात अर्धा किलो रेझिन आणि हार्डनर एकदम कालवलं, पहिली सिरिंज भरली, दुसरी भरेपर्यंत मगातून धूर यायला लागला. मग वितळून वाकडा झाला आणि आत दगड तयार. इपॉक्सी वाळताना स्वतः उष्णता सोडतं, त्या उष्णतेने आणखी भराभर वाळतं, आणि भांडं खोल असेल तर ती उष्णता बाहेर पडायला जागा नसते. हे बारावीच्या केमिस्ट्रीत होतं. मला त्यात ९१ होते.

शेवटी गावातल्या एका फायबरवाल्याला गाठलं. हा माणूस कूलरच्या बॉड्या आणि पाण्याच्या टाक्या बनवतो, शाळा सातवीला सोडली. त्याने वाकडा मग उचलून बघितला, हसला नाही, एवढंच म्हणाला, "हे पहाटेचं काम हाये साहेब. अन् मगात नाही, ताटात." ताट पसरट, थर पातळ, उष्णता निघून जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आम्ही स्टीलच्या ताटात थोडं थोडं कालवून दोन्ही जागा भरल्या. नंतर त्याने मला कडा उतरत्या घासायला शिकवलं, एका पट्टीत दोन वेळा. पहिल्यांदा केलेलं त्याने न बोलता पुन्हा घासलं. मी त्याला धुळीसाठी चांगला मास्क दिला. दोन दिवस लावला, तिसऱ्या दिवशी तो खिळ्याला लटकत होता. वीस वर्षं तो ही काचेची धूळ विनामास्क खातो आहे. हे मला आवडलं म्हणून सांगत नाहीये. त्याच्या कामाचं गुणगान करताना हाही भाग सोबत सांगायला हवा, नाहीतर ते आपलं नेहमीचं शहरी कौतुक होतं.

मधल्या खाटेचं कापड उन्हाने कुजलं होतं, बोट घातलं की आरपार. ते ताडपत्री शिवणाऱ्याने नवं शिवून दिलं. त्याने आधी विचारलं, "यावर माणसं बसणार? किती? उड्या मारणार का?" आणि मग शिवण दुहेरी केली. रिक्वायरमेंट गॅदरिंग याला म्हणतात. आमच्याकडे त्यासाठी तीन मीटिंगा होतात आणि उडी मारणार का हे कुणीच विचारत नाही.

खांबाला धरणाऱ्या तारा मात्र जुन्या ठेवल्या नाहीत. स्टेनलेस तार जिथे टोकाच्या नळीत दाबलेली असते तिथे आतून एकेक धागा तुटतो, बाहेरून दिसत नाही, आणि एक दिवस खांब डोक्यावर येतो. नव्या घेतल्या. लाइफ जॅकेटंही पहिल्यांदाच घेतली, शिडाच्या आधी. १४ सप्टेंबर २०२१ ला याच वर्धा नदीवर, वरुड तालुक्यात झुंजला, नाव उलटून ११ जण गेले. पाण्याची थट्टा करायचा हक्क आमच्या भागाला नाही.

आता मुद्द्यावर येतो. मंडळी, आपण दिवसभर काय करतो? बहुतेक जण नवीन काही बनवत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला, लिहिणारा केव्हाच सोडून गेलेला कोड सांभाळतो. कुठे गळतंय ते शोधतो, ठिगळ लावतो, पुन्हा चालवून बघतो. होडीच्या हलमध्ये तोंडाने हलकी हवा फुंकून साबणाच्या पाण्याचे बुडबुडे शोधणं आणि रात्री दोनला लॉगमध्ये मेमरी लीक शोधणं, यात मला तरी फरक दिसत नाही. जुन्याची देखभाल हाच आपला धंदा आहे, त्यावर आपली घरं चालतात. आणि तरी जुनी वस्तू घरात आली की आपण नाक मुरडतो. का? कारण कीबोर्डवरची दुरुस्ती 'नॉलेज वर्क' आणि पॉलिश पेपर घेऊन केलेली दुरुस्ती म्हणजे मजुरी. फरक कामात नाहीच, हात काळे होतात की नाही यात आहे. आणि हात कुणाचे काळे व्हायचे हे आपल्या समाजात कोण ठरवत आलंय, ते मी सांगायला नको. जातीचं नाव न घेता जात पाळण्याची ही सगळ्यात सभ्य पद्धत आहे.

गंमत म्हणजे याचं औषध आमच्याच जिल्ह्यात निघालं होतं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. तिथून झाकीर हुसेन यांची समिती झाली आणि तिचा आराखडा देशभर 'वर्धा योजना' म्हणून ओळखला गेला. म्हणणं काय होतं? मुलाचं शिक्षण एखाद्या हातकामाच्या भोवती व्हावं. सूत कातताना गणित, शेतात विज्ञान. त्यातला प्रत्येक शब्द मला पटतो असं नाही. शाळेचा खर्च मुलांच्या मालातून निघावा ही कल्पना तेव्हाही लोकांना खटकली होती, मलाही खटकते. पण हात आणि डोकं वेगळ्या वर्गात बसवू नका, एवढं तर साधं होतं. सेवाग्रामला आनंद निकेतन ही शाळा आजही त्या वाटेने जाते. बाकी जिल्ह्याने काय केलं? जमेल त्याने मुलाला कॉम्प्युटरला घातलं. मलाही.

माझा स्वतःचा गुन्हा सांगतो. फर्स्ट इयरला वर्कशॉप नावाचा विषय असतो. लोखंडाच्या दोन पट्ट्या कानशीने घासून एकमेकीत नेमक्या बसतील अशा करायच्या, त्याला फिटिंगचा जॉब म्हणतात. आमच्या बॅचमध्ये फार थोड्यांनी तो स्वतः केला. तयार जॉब दीडशे रुपयांना मिळायचा, मीही घेतला. वर्कशॉपमध्ये पूर्ण मार्क.

आणि माझे बाबा फिटर. हिंगणघाटच्या एका गिरणीत त्यांनी आयुष्य काढलं. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख अजून दुभंगलेलं आहे. लहानपणी मी त्यांच्या पेटीतला पाना उचलला की ते तो काढून घ्यायचे. "हात काळे करू नको बाबू. आम्ही केले तेवढे पुरे." तो विकतचा जॉब मी घरी आणला तेव्हा त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, खिडकीच्या उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "छान झालाय." तेव्हापासून तो आमच्या टीव्हीजवळ बिलांवर वजन म्हणून ठेवलेला आहे.

होडी आली त्या दिवशी बाबा शेडमध्ये आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आई म्हणाली, "त्यांना वाईट वाटतंय." मला वाटलं पैशाचं. मग एका रात्री मी जेवायला बसलो, नखांत राखाडी धूळ, मनगटावर इपॉक्सीचे डाग, काचेच्या खाजेने हात लाल. बाबांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि ताट पुढे ढकललं. माझी सगळी थिअरी तोपर्यंत तयार होती, हीच, जी तुम्ही आत्ता वाचलीत. नई तालीम, श्रमाची प्रतिष्ठा, लेगसी कोड. मी बोलत गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझा हा शौक आहे. माझं ते पोट होतं. दोन्हीला एकच नाव देऊ नको."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मला कंटाळा आला तर मी शेडला कुलूप लावून लॅपटॉप उघडू शकतो, फायबरवाला नाही उघडू शकत, बाबा नव्हते उघडू शकत. तेव्हा हातकामात कशी मनःशांती मिळते वगैरे लिहिणाऱ्यांच्या रांगेत मला उभं करू नका. दोन हजार भरून शनिवारी मातीची भांडी वळायला जाणाऱ्या पुणेकर मित्रांनाही माझा हाच प्रश्न आहे. ज्याच्याकडून शिकलात त्याला सोमवारी ओळख देता का? त्याचा भाव पाडून मागता का? मी फायबरवाल्याला माझ्या तासाच्या रेटने पैसे दिले. माझ्या रेटने, त्याच्या नाही. रेट काढायचाच असेल तर असाही निघतो.

त्यानंतर साधारण आठवड्याने बाबा पहिल्यांदा शेडमध्ये आले. खांब भिंतीला लावून ठेवला होता. बोटांनी वाजवला. "किती लांब?" म्हटलं, ८ मीटर. "अ‍ॅल्युमिनियम?" हो. ते बाहेर गल्लीत गेले, वर बघितलं आणि मला बोलावलं. आमच्या गल्लीवरून वीज जाते. "उभा करून नेशील तर पोचते का ती तार?" मी गप्प. नंतर शोधलं तेव्हा कळलं की शिडाच्या होड्यांचे खांब विजेच्या तारांना लागून माणसं मेलेली आहेत, आणि म्हणूनच कंपनीने पुढे खांबाचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरचा केला. माझी होडी त्याआधीच्या खांबाची. मी सहा महिने या होडीबद्दल वाचत होतो आणि वर कधी बघितलं नव्हतं. आता खांब आडवाच जाईल, पाण्याच्या काठावर, आधी वर बघून, मगच उभा होईल.

पाणी अजून मिळालेलं नाही. एका कार्यालयात अर्ज दिलाय. साहेबांनी विचारलं, मासेमारी की प्रवासी? म्हटलं, दोन्ही नाही, हौस. ते म्हणाले, तसा रकाना नाही. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बिनइंजिनाच्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवायची सोय आहे, त्याची प्रत छापून नेली. ती त्यांनी ठेवून घेतली. बघू.

तोवर उजव्या हलची तपासणी बाकी आहे. गेल्या रविवारी मी उठून शेडमध्ये गेलो तर बाबा आधीच तिथे होते, एका हातात रुपया, दुसऱ्यात खडू. टक् टक् टक्, आणि मध्येच थांबून एक गोल. तीन गोल झाले होते. मी मोजले होते दोन. मी तिसऱ्या जागी कान लावला, नीट काही कळलं नाही. ते म्हणाले, "पुन्हा ऐक." मी ऐकत होतो तेव्हा ते सहज बोलल्यासारखे म्हणाले, "तो कॉलेजचा जॉब तू केला नव्हतास ना? काटकोन नेमका होता. पहिल्या वर्षाच्या पोराचा तसा येत नाही."

मी काय बोलणार? नाणं माझ्या हातात देऊन ते चहाला आत गेले. तिसऱ्या जागी खरंच 'थप्' होतं, अगदी बारीक. या रविवारी पहाटे पाचला तिथे भोकं पाडायची आहेत. ताट आईने काढून ठेवलंय, आणि या वेळी पॉलिश पेपर कोणत्या नंबरचा आणायचा हे बाबा सांगणार आहेत.